मुकादमभाई आणि वीस पावलं

आमच्याकडे जेवायला येणारी सभ्य माणसं शेवग्याची शेंग चघळतात आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवतात. इस्माईल मुकादम दुसऱ्याच्या ताटातला चोथा उचलतात, खिशातून कॅलिपर काढून मोजतात आणि भर पंगतीत जाहीर करतात, "वहिनी, हा तुकडा तुमच्या साहेबांचा. बेचाळीस मिलिमीटर! माणूस अधाशी आहे."

अधाशी माणूस म्हणजे मी. शारजात, अल मजाजला आम्ही एकाच मजल्यावर राहतो, त्यामुळे पळून जाणार कुठे?

मुकादमभाई मूळचे रत्नागिरीचे. उम्म अल कुवैनला पाइपच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. कॅलिपर तिथला, वेड मात्र चीनचं. गेली नऊ वर्षं सुट्टी लागली की हमीदाभाभी रत्नागिरीला जातात आणि हे चीनच्या डोंगरात, पांडाच्या लेंड्या गोळा करायला! रानातला पांडा सहसा दिसत नाही. म्हणून अभ्यासक लेंडीतले बांबूचे तुकडे मोजतात. प्रत्येकाच्या घासाची लांबी निराळी. त्यावरून कोण कुठे फिरतंय ते कळतं आणि तेवढं रान राखता येतं.

"पाइप असो की पांडा," मुकादमभाई छाती काढून सांगतात, "माप खोटं बोलत नाही!"

कारखान्याच्या मॅनेजरने एकदा टोमणा मारला, "लोग छुट्टी में माँ-बाप से मिलते हैं, तुम गोबर उठाते हो?"

"मेरी छुट्टी, मेरा गोबर!" हे उत्तर ऐकून साहेबाने रजेच्या अर्जावर मुकाट्याने सही केली म्हणतात.

पण नऊ वर्षांत पांडा एकदाही दिसला नव्हता. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, "काय भाई, यंदा दर्शन?" हे गुरगुरायचे, "इन्शाल्ला!" त्यांची मुलगी सना दुबईला, सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करते. तिने सुचवलं, "पापा, जस्ट सी वन इन अ झू! आय विल बुक द टिकेट्स."

"पिंजऱ्यात? कधीच नाही! त्याच्या घरी दिसला तर बघीन, नाहीतर खलास!"

यंदा डॉक्टरने बजावलं, गुडघे गेलेत, ही शेवटची चढाई. मुकादमभाईंनी त्या दिवसापासून लिफ्ट सोडली. माझ्या दुकानातली दहा किलो तांदळाची पिशवी पाठीला बांधून चौदा मजले चढू लागले. शारजातला जुलै! वॉचमन पाण्याची बाटली घेऊन मागे धावायचा. "यल्ला, बाजूला हो!" हे ओरडायचे. "गुडघे माझे आहेत, डॉक्टरचे नाहीत!"

गेले एकदाचे. परवा परत आले, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो.

"दिसला?" मी दारातूनच विचारलं.

"वीस पावलांवर होती," ते म्हणाले. "मादी. लेंडी अजून गरम. पुढच्या झाडीत बांबू कडाकडा मोडत होता. आणि चिखलात मोठ्या पावलाशेजारी एक इवलंसं पाऊल."

"मग?"

"मग काय? परत फिरलो."

मी ताडकन उठलो. "अहो, नऊ वर्षं! वीस पावलं चालवेनात?"

"नियम आहे. पिल्लू असलं की जवळ जायचं नाही."

"पापा, जस्ट वन लुक!" सना कळवळली. "हू वुड नो?"

"गाइडही तेच म्हणाला. तुमचं शेवटचं वर्ष, हळूच बघा, मी कुणाला सांगणार नाही." मुकादमभाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. आवाज मात्र तसाच कडक. "मी म्हटलं, नाही म्हणजे नाही."

मग ते सनाकडे न बघता म्हणाले,

"मी इकडे आलो तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. पहिली सुट्टी मिळाली दोन वर्षांनी. बॅग घेऊन दारात उभा राहिलो, तर मला बघून तू अशी रडलीस, अशी रडलीस, की आईने तुला उचलून आत नेलं. तीन दिवस मी घरात आलो की तू बाहेर. अनोळखी माणूस बघून पोर किती घाबरतं, ते मला माहीत आहे."

हमीदाभाभी चहाचं बघते म्हणून आत गेल्या. चहा यायला फार वेळ लागला.