अठराव्या होलपर्यंत कोणी उठायचं नाही

शामरावांना एका जागी बसवत नाही, ही द्वारकाबाईंची लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनची तक्रार होती. माणूस रेल्वेतला गार्ड. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवी झेंडी दाखवली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मानसरोवर कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत त्यांचं शंटिंग चालूच. सोफ्यावरून गॅलरी, गॅलरीतून माठ, माठाकडून न्हाणीघर. आज तर हद्द झाली. तिकडे स्कॉटलंडात नात जिवाचं रान करत होती आणि हे तासाभरात चौथ्यांदा पाणी प्यायला उठले होते.

"बसा न एका जागी! पोरीचं ध्यान उडते."

"अवं, पोरगी स्कॉटलंडात हाय. तिले मी दिसतो का?"

"मले दिसता न!"

बायकांच्या गोल्फमध्ये वर्षाला ज्या पाच मोठ्या स्पर्धा होतात, त्यांतली ही एक. नातीची, गौतमीची, ही पहिलीच. या खेळात जितके फटके कमी तितकं बरं, हे द्वारकाबाईंना पाठ होतं. दोन दिवस खेळ झाला की मध्ये एक रेघ मारतात, तिला कट म्हणतात. रेघेच्या वरच्या पोरी पुढे खेळतात, खालच्या सामान बांधतात. गौतमी रेघेच्या खाली होती, दोन फटक्यांनी. आणि अठरांपैकी पाचच होल उरले होते.

बुधवारी ती फोनवर म्हणाली होती, "आजी, आधीच्या छोट्या टूर्नामेंटसारखा ह्या वेळी पण कट नाही झाला ना, तर बस. मतलब, बसच. घरी येते, कुठेतरी जॉब बघते."

तेव्हापासून द्वारकाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सहा वर्षं त्यांनी पहाटेच्या बसने या पोरीला मैदानावर नेलं होतं आणि कुंपणाबाहेर बसून मेथी निवडली होती. आत जायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती. "आत त्या कपबशीवाल्या बायांत मी नाई बसत," एवढंच त्यांचं म्हणणं.

टीव्हीवर गौतमी तीन तासांत एकदा दिसली, तीही पाठमोरी. बाकी वेळ कुठल्या कुठल्या गोऱ्या पोरी आणि गवत. खरी बातमी यायची ती सुनेच्या फोनवर. सुनेत्रा मांडीवर परात घेऊन बसली होती, हात पिठात, फोन परातीला टेकवलेला. तिचा नवरा प्रकाशही बापासारखाच गार्ड. तो कुठल्या तरी मालगाडीवर, रेंजबाहेर.

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मधुमतीजी वाटी परत करायला आल्या. त्यांनी एक चप्पल काढली, शामराव पाचवा पेला संपवून स्टुलावर टेकले, आणि सुनेत्रा किंचाळली, "बर्डी! आई, बर्डी! एक फटका वाचला!"

"हलू नका!" द्वारकाबाई गरजल्या. "कोणीच हलू नका! मधुमती, हिलना मत!"

"लेकिन माताजी, मेरी दूसरी चप्पल..."

"रहने दे पाँव में!"

नवस, उपास, गंडेदोरे यांतलं काही या घरात चालत नसे. गौतमीच्या दंडाला दोरा बांधा म्हणणाऱ्या एका बाईला द्वारकाबाईंनी पाऊण तास सुनावलं होतं. पण काम होताना दिसलं की जागा सोडायची नाही, ही काही अंधश्रद्धा नव्हे. क्रिकेटच्या चार मॅचा त्यांनी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातून जिंकून दिल्या होत्या. फक्त क्रिकेटमध्ये ओव्हर संपते. इथे एका होलला पाव तास लागत होता.

पंधरावा होल जेमतेम निभावला. सोळाव्याला पुन्हा बर्डी. गौतमी बरोबर रेघेवर येऊन उभी राहिली. आता एक फटका जरी वाया गेला तरी घरी. नियम मात्र सिद्ध झाला होता. आता हलण्याची कोणाची छाती नव्हती. मधुमतीजी एका चपलेवर, दाराची चौकट धरून. सुनेत्राचे हात पिठात वाळून कडक झालेले.

"आई, दूध ठेवलंय गॅसवर."

"दूध उद्या बी भेटते."

शामराव स्टुलावर अवघडून बसले होते. त्यांचा चेहरा सिग्नल न मिळालेल्या गाडीसारखा झाला होता.

"द्वारके, मले जा लागते."

"कुठी?"

"कुठी म्हंजे? पाच पेले पेलो न मी!"

"कोणी सांगतलं होतं? आता दोन होल दम धरा. चौतीस वर्ष डब्यात कसं करत होते?"

"तवा तू नव्हती न सोबत!"

सतरावा होल निभावला आणि दूध उतू गेलं. आधी चर्र झालं, मग करपट वास, मग धूर. नेमके तेव्हाच मधुमतीजींचे यजमान सुखदेवजी बायकोला शोधत वर आले. ते बर्डीनंतर आलेले, म्हणजे मोकळे, असा निवाडा द्वारकाबाईंनी जागच्या जागी दिला आणि त्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं.

"अठराव्याला दुसरा फटका वाळूत गेला," सुनेत्रा रडवेल्या आवाजात म्हणाली. "आई, आता सगळे मिळून चार फटक्यांतच संपलं तर..."

आणि पंखा थांबला. टीव्ही काळा झाला. सुखदेवजींचा जन्म वीजखात्यात गेला होता. धूर दिसल्याबरोबर त्यांनी गॅस बंद केला आणि सवयीने मेन स्विचही पाडला.

"वायफाय गेलं!" सुनेत्रा ओरडली. "माझा डेटा दुपारीच संपलाय!"

"सुखदेवजी, चालू करो! चालू!"

सुखदेवजींनी स्विच वर केला, पण वायफायच्या डब्याला घाई नव्हती. एक दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. तिकडे वाळूत नात, इकडे सगळे श्वास धरून.

आणि त्या शांततेत, न्हाणीघरातून फ्लशचा आवाज आला. खळखळून, सविस्तर.

स्टूल रिकामं होतं.

शामराव हात पुसत बाहेर आले. द्वारकाबाई काहीच बोलल्या नाहीत. सत्तेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदा घडत होतं, त्यामुळे पुन्हा आत जाऊन कडी लावावी का, असं शामरावांना वाटून गेलं.

"पोरीचं नशीब पाण्यात सोडून आले," त्या अखेर हळूच म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

डब्याचा तिसरा दिवा हिरवा झाला. सुनेत्राने पिठाळ बोटाने फोनवर रेघ ओढली.

"चार," ती पुटपुटली. "आई... चारच! शेवटचा फटका तेरा मीटरवरून गेला आत! झाला कट! उद्या खेळणार ती!"

मधुमतीजींनी वाटी हवेत उडवली. सुखदेवजींनी कशासाठी ते न कळताच टाळ्या वाजवल्या. द्वारकाबाईंनी मात्र पदर खाली केला आणि विचारलं, "किती वाजता गेला आत?"

"सहा अठरा लिहिलंय."

शामरावांनी घसा खाकरला. गार्ड माणूस, हलताना मिनिट टिपायची सवय सुटत नाही. आणि खोटी नोंद त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

"मी सहा सतराला उठलो," ते म्हणाले.

सगळे द्वारकाबाईंकडे बघू लागले. त्यांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग न्हाणीघराच्या दाराकडे, मग नवऱ्याकडे. पदर खोचला आणि बोट रोखलं.

"तुम्ही उद्या दुपारपासूनच पाणी पेत राहा. शेवटच्या होलाले मी सांगन, तवा जाजा. अन् आपल्या मनानं एक मिनिट आधी उठले, तं याद राखा!"