काठावरची शेवटची पट्टी

सोमीबायच्या टोपल्यांनी आमच्या गिरीज गावातल्या निम्म्या लुंग्या फाडल्या. एकदा तिच्या टोपलीतल्या वांग्यांवर पवित्र पाणी शिंपडताना फादरांचा झगाच अडकला आणि आशीर्वाद अर्ध्यावर राहिला.

सोमीबाय वारलीण. डोंगराकडच्या पाड्यावरून डोक्यावर टोपल्यांची चळत घेऊन यायची. रानातल्या बांबूची वीण अशी घट्ट, की मोहरी गळायची नाही. पण प्रत्येक टोपलीच्या काठावर एक पट्टी न मुडपता बोटभर बाहेर सोडलेली. मुडप म्हटलं की उत्तर ठरलेलं: "ती माझी नाय." तक्रार केली तर म्हणायची, लुंगी सांभाळून नेस.

विकली तरी टोपली तिचीच. आली की आधी मागीलदारी जाऊन जुन्या टोपल्यांची बुडं ठोकून बघायची. एकीत माझ्या बायकोने, सेसिलने, कोंबडी बसवलेली दिसली, तेव्हा बाई कोंबडीसकट टोपली उचलून निघाली. कोंबडी तेवढी कशीबशी सोडवली.

मी शाळेत हस्तकला शिकवायचो, म्हणजे हजेरी घ्यायचो. माझ्या वर्गाच्या चटया उचलताच सुटायच्या. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी शिक्षकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन लागलं. मी सोमीबायची टोपली घेतली, आगाऊ पट्टी कात्रीने उडवली आणि माझ्या नावाची चिठ्ठी लावून मांडली. पहिला नंबर आला. परीक्षकांना काठाची सफाई विशेष आवडली.

आठवड्याने सोमीबाय आली. टोपली कपाटावर, शेजारी प्रशस्तिपत्र. तिला वाचता येत नाही, याचा मला केवढा आधार वाटला. तिने काठावरून अंगठा फिरवला. कापल्या जागी तो थांबला. मी घाईने म्हणालो, उंदराने कुरतडली.

"लय सरळ चावतो तुझा उंदीर, मास्तर."

मी शिव्यांची वाट बघत होतो. ती खाली बसली.

"शेवटची पट्टी माझी पोर मुडपायची. वाकडीच मुडपायची. तापात गेली ती. मी तिची जागा ठेवते."

ती पुढेही येत राहिली, बुडं ठोकत, वांग्यांना नावं ठेवत. फक्त आमच्या घरची टोपली तेवढी काठ पुरा मुडपून आणायची. मी कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

परवा प्रशस्तिपत्र काढलं. माझं नाव खोडून सोमीबायचं लिहिलं. खाली तिच्या पोरीचं लिहायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं, तेही मी कधी विचारलं नव्हतं.