आंबुशीची भावकी

आमच्या शेजारचे आण्णा कुठल्याही रोपट्याचं नाव आधी सांगत नाहीत, चतुःसीमा सांगतात. जमीन मोजणीच्या खात्यात हयात गेली, निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. "पूर्वेला मोरी, पश्चिमेला पेरू, दक्षिणेला पायरी, उत्तरेला म्हैस. आता वळखा!" म्हैस उठून गेली की उत्तर पुन्हा ठरवायची.

यंदा श्रावणात आमच्या मागच्या दारी, पायरीलगत, त्यांना एक रोपटं सापडलं. चार बोटं उंच, डोक्यावर पानांची छत्री, मधे इवली पिवळी फुलं. मी आपलं लाजाळू म्हणालो, तर आण्णा खवळले.

"लाजाळूला काटं असत्यात की वो! ही आंबुशीच्या भावकीतली. हात लावला की पानं मिटत्यात, पण सावकाश. गगनबावड्याला ढीग हाय, पन्हाळ्याच्या वाटंला हाय. पर आपल्या ह्या बावड्यात फकस्त हितंच, तुमच्या पायरीशी बघितली."

मग एक नवीनच भानगड सुरू झाली. आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीवरून परतलो की मागच्या चिखलात चाकांच्या खुणा दिसायच्या. आण्णांनी मोजायचं नवं यंत्र आणलं असणार, असं मी धरून चाललो.

त्या चिखलालाच कंटाळून मी पेव्हिंग ब्लॉक बसवायचं ठरवलं. आण्णा तावातावानं आले.

"दिवाळीपतोर थांबा. पाऊस सरला की ती आपसूकच वाळंल."

"कुंडीत लावून देतो की."

"तसली तीन रोपं गगनबावड्यासनं आणून घरी कुंडीत लावली. तिन्ही मेली."

"अहो आण्णा, तणच ते!"

आण्णा न भांडता निघून गेले. असं कधी होत नाही, त्यामुळे मला चैन पडेना.

गवंडी येणार म्हणून मी रजा काढली. दुपारी फाटक वाजलं. आण्णा चाकाची खुर्ची ढकलत येत होते, खुर्चीत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. चैत्रात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. आण्णांनी त्यांना उचलून पायरीवर टेकवलं, हात धरून खाली नेला. बोट पानाला लागलं. पान हळूहळू मिटत गेलं आणि काकू तोंडाच्या एका बाजूनं हसल्या.

मला बघून आण्णा ओशाळले.

"न इचारता आलो, माफ करा. हिच्या बोटानं घरातलं कायबी हालत न्हाय बघा. ह्ये तेवढं हालतंय."

मला माझीच लाज वाटली. तिथूनच गवंड्याला फोन केला, म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

आण्णांनी ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. काकूंच्या कानाशी वाकून म्हणाले, "दुसऱ्या पानाला लाव आता. घाई न्हाय."