ठिबकवरचा हौद

"कॉक बंद कर, सलीम! बंद कर म्हंतो ना! पाप लागीन तुले, सात जन्म कोरडा राहशीन!"

बांधावरून ही आरोळी आली तेव्हा सलीमभाई आपल्या हौदात पाइपानं पाणी सोडत होते. आरोळी ठोकणारे आमचे शेजारी पुंडलिक नाना. असोद्यात कुणी आंघोळीला जास्तीचा तांब्या घेतला तरी नानांना तो घरबसल्या ऐकू येतो. जन्म गेला केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या अंथरण्यात. "थेंब थेंब दे, भो. मुळाले गिळाले वेळ लागते," हा त्यांचा मंत्र. पंगतीत वाढप्यालाही ते हेच सांगतात, आणि कढी संपेपर्यंत सांगत राहतात. बायको गेली तेव्हा नाना रडले, पण तेही ठिबकवर. टप. बऱ्याच वेळानं पुन्हा टप.

मुलगा पुण्याला. नानांनी फोनवर ठिबक सुरू केलं की नेमकी त्याची रेंज जाते. पारावर नाना टेकले की पार रिकामा होतो. म्हातारे तर काठ्या विसरून पळतात.

सलीमभाई जळगावचे. बांगड्यांचं दुकान धाकट्या भावावर सोपवून त्यांनी नानांच्या मळ्याला लागून परदेशी जनावरांचा फार्म काढला होता. इमू, टर्की आणि चार कॅपीबारा. कॅपीबारा हा मूळचा उंदीरच. घडवताना देव कॉक बंद करायला विसरला, म्हणून डुकराएवढा झाला. त्याला दिवसभर पाण्यात बसायला लागतं.

तर नाना भांडायला गेले आणि दम लागला म्हणून हौदाच्या कठड्यावर टेकले. सगळ्यात मोठा कॅपीबारा ओल्या अंगानं बाहेर आला आणि त्यांच्या मांडीला रेलून बसला. नानांनी त्याला तासभर ठिबक समजावलं. तो उठला नाही.

"सलीम, लय समजदार जनावर हाये हे. मधात बोलत नाही."

त्याचं नाव पडलं सरपंच. दुसऱ्या दिवसापासून नाना रोज दुपारी केळीचा पाला घेऊन हजर. सलीमभाई चहा पाजायचे. मोकळ्या पाण्याकडे मात्र नाना पाठ करून बसायचे.

मग मे महिन्यात वादळ आलं. साधंसुधं नाही, ज्या इमूंना देवानं उडायची परवानगी दिली नाही, ते त्या दिवशी उडाले. एक तर मी स्वतः जळगाव स्टेशनवरून जाताना पाहिला. नानांची काढणीला आलेली केळी आडवी झाली. फार्मचे पत्रे गेले, आणि भलंमोठं कडुनिंबाचं झाड कोसळलं ते नेमकं हौदावर आणि मोटरीवर.

"बस हो गया, नाना," सलीमभाई म्हणाले. "कॅपीबारांना एक गिऱ्हाईक आहे, इंदूरचं. शुक्रवारी गाडी येतेय. पाण्याशिवाय ठेवू कुठं त्यांना?"

ठिबकचा मंत्र न म्हणताच नाना उठून घरी गेले. असं असोद्यात पूर्वी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या केळीकडे ढुंकूनही न बघता त्यांनी तिच्या टेकूचे बांबू ट्रॅक्टरमध्ये भरले आणि मला कॉलरला धरून वर बसवलं. बांबूंचा मांडव झाला, वर केळीच्या पानांचं छप्पर झालं, हौदही नवा झाला. बुधवारी पाणी सोडायची वेळ आली. नानांनी आपल्या विहिरीवरून लाइन ओढली, हौदाच्या कडेनं नळ्या फिरवल्या आणि एकेक ड्रिपर बसवला.

शुक्रवारी सकाळी हौदात अंगठा बुडेल एवढं पाणी होतं. चारही कॅपीबारा ओळीनं, एकेका ड्रिपरखाली डोकं धरून बसले होते. महादेवाच्या चार पिंडी, वर संथ अभिषेक.

"नाना," सलीमभाई म्हणाले, "हा हौद माझ्या नातवाच्या लग्नात भरेल. आणि मला अजून नातू नाही."

"मुळाले गिळाले वेळ..."

"त्यांना मुळं नाहीत, नाना!"

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं फाळका पाडला. सलीमभाईंनी खाली मान घालून दोर उचलला.

नाना उठले. मेन पाइपाचं टोक हौदात टाकलं आणि जन्मात पहिल्यांदा अख्खा कॉक उघडला. काय लोट आला! ड्रायव्हरची एक चप्पल भुसावळच्या दिशेनं गेली ती अजून सापडलेली नाही. पाण्यात पहिली उडी सरपंचानं मारली. त्यामागे बाकीचे तिघे.

सलीमभाई काठोकाठ भरलेल्या हौदाकडे बघत राहिले. मग दोर टाकून ड्रायव्हरला म्हणाले, "माफ करो, भाई. गाडी रिकामीच ने."

संध्याकाळी नाना कठड्यावर बसले होते, पाय पाण्यात, सरपंच मांडीला रेललेला. सलीमभाईंनी चहा आणला.

"नाना, इतके दिवस पाठ टेकली नाही तुम्ही. आता घरी जा, खुर्चीत आरामात बसा."

"घरी चार खुर्च्या हायेत," नाना म्हणाले. "बसते कोन?"