बटणांच्या डबीतला बल्ब

गाडीच्या डॅशबोर्डवरचा एक बल्ब मी काढून टाकला. बास, केलं ते एवढंच. (चांगल्या हेतूनं मी काही केलं की घोळ ठरलेला, असं बायकोचं मत आहे.)

गाडी जुनी, बाबांची. त्यांनी तीस वर्षं अॅम्ब्युलन्स चालवली. आता नजर अधू झाली, म्हणून चावी माझ्याकडे. दर रविवारी मी त्यांना साठ किलोमीटरवर थोरल्या काकांकडे नेतो. काका अंथरुणाला खिळलेत आणि एकेक माणूस विसरत चाललेत. त्यांनी ओळखलं की बाबांचा आठवडा बरा जातो.

चावी फिरवली की बाबा विचारणार, "बॅटरीचा लाल दिवा लागला का रे?" इंजिन सुरू झालं की, "गेला का?" दर वेळी, अॅम्ब्युलन्सची जुनी सवय. शेवटी एकदा मी खेकसलो, "बाबा, पुन्हा विचारू नका." आणि विषयच संपावा म्हणून बल्ब काढून बायकोच्या बटणांच्या डबीत टाकला. बाबांनी खरंच पुन्हा विचारलं नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आठवडाभर गाडी ऑफिसला नेली आणि रविवारी ती अर्ध्या वाटेत, पुलाजवळ बंद पडली. मी मेकॅनिकला फोन लावला.

"लाल दिवा लागतोय का?"

"अजिबात नाही," मी ठणकावून सांगितलं.

"मग चार्जिंग ठीक दिसतंय. बॅटरी म्हातारी झाली. बदला."

बदलली. पुढच्या रविवारी नवी कोरी बॅटरीही त्याच पुलाजवळ मेली. काकांसाठी घेतलेला मफलर मांडीवर ठेवून बाबा त्याची घडी मोडत आणि पुन्हा घालत राहिले. संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. काका आता त्यालाही ओळखत नव्हते. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी बॅटरीवाल्याला शिव्या घातल्या.

शनिवारी मेकॅनिक घरी आला. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करून त्यानं मीटर लावला.

"बाराच व्होल्ट दाखवतंय. चौदाच्या आसपास हवं. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाहीये." पट्टा पाहिला, वायरी पाहिल्या. मग इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली. "साहेब, आत्ता लाल दिवा लागायला हवा. तुमच्या गाडीत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला पहिला करंट जातो. बल्ब कुठंय?"

बायको आत गेली आणि बटणांची डबी घेऊन आली.

रविवारी आम्ही पोचलो. काकांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं. "आपण कोण?" त्यांनी अदबीनं विचारलं.

बाबांनी मफलर त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. मग कुणीतरी विचारलं, दोन रविवार का आला नाहीत?

"तेवढा लाल ठिपका मला अजून दिसतो. दिवा लागत नाही हे पहिल्याच रविवारी कळलं होतं," बाबा म्हणाले. "पण म्हटलं, विचारलं तर हा चिडेल. यानं बल्बच काढला होता."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात काकांनी मान वळवली. माझ्याकडे निरखून पाहिलं.

"गाढव," ते म्हणाले. लहानपणापासून ते मला याच नावानं हाक मारतात.

बाबांचे डोळे भरून आले. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "बघ, तुला बरोबर ओळखलं."