हृदयबाईंच्या प्रभावाची मोजणी

“माझा प्रभाव मोजणार? मोजा म्हणावं! टेप कमी पडेल!”

असं म्हणून हृदयबाई ठसक्यात जिना उतरून मोजणी कक्षात गेल्या आणि दहाव्या मिनिटाला लालबुंद होऊन वर आल्या. दार असं आपटलं की फडताळातल्या आठशे बारा बरण्या एका सुरात किणकिणल्या!

त्या बरण्यांत हृदयं होती. थांबलेलं हृदय उघडून बघायचं आणि ते का थांबलं हे जित्यांना सांगायचं, हे बाईंचं एकतीस वर्षांचं काम. एका बरणीत सहा दिवसांच्या लेकराचं, लिंबाएवढं. एकीत पहिलवानाचं, नारळाएवढं. शिंप्याचं, मास्तरांचं, बाळंतिणीचं. आयुष्यभर धडधडून दमलेली ही मंडळी बाईंच्या पदराखाली निजलेली. शस्त्रक्रिया अडली की भले भले सर्जन धावत वर येत, बरणी निरखत, आणि खाली जाऊन कुणाचं तरी मूल वाचवत.

“त्या मुलांची मोजणी कुठेय?” बाई कडाडल्या. “मेले म्हणतात, तुमच्या लेखांचा उल्लेख जगात तीनशे एकोणनव्वद वेळा झालाय. हजार हवेत! नाहीतर ही खोली त्यांच्या बैठकांना!”

“आणि बरण्या?” प्रयोगशाळेतल्या मामांनी घाबरून विचारलं.

“तळघरात! मी म्हटलं, तिथं पाणी भरतं. तर तो मोजणीसाहेब म्हणतो, मग गारव्याला छानच!”

मामांनी डोकं खाजवलं. “बाई, तुमचे लग्नाआधीचे लेख धरलेत का हो त्यांनी?”

बाईंनी कपाळावर हात मारला. माहेरच्या नावाचे लेख! मोजणीच्या यंत्रानं माहेरवाशीण वेगळी नि सासुरवाशीण वेगळी धरली होती! बाई पुन्हा जिना उतरल्या. या वेळी दोन-दोन पायऱ्या एकदम.

“जोडता येईल,” मोजणीसाहेब म्हणाले. माणूस इतका गुळगुळीत की राग त्याच्यावरून घसरून पडावा. “अर्जावर दोघींच्या सह्या लागतील.”

“कोण दोघी? त्या दोघी मीच!”

“मग सोपंच आहे. दोन्हीकडे करा.”

बाईंनी कागद फाटेल अशा जोरानं दोन सह्या ठोकल्या. साहेबांनी चष्मा वर केला. “बाई, एकाच हातच्या दिसतात या. दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे.”

“अहो शहाणे!” बाईंचा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या रुग्णांनीही ऐकला; दोघांची नाडी सुधारली म्हणतात. “माझ्या हातानं नाही तर काय शेजारणीच्या हातानं करू?”

शेवटी बाईंचे यजमान लग्नाचा दाखला घेऊन धापा टाकत आले. “हिच्याशीच झालंय माझं,” त्यांनी साक्ष दिली. “एक असो की दोन, घरी आवाज एवढाच येतो.”

साहेबांनी कळ दाबली. यंत्र कुरकुरलं. आकडा चढला. एक हजार एकशे सेहेचाळीस!

“बघा!” बाईंनी टेबलावर थाप मारली. “आता बोला!”

“वा! आणि त्यातले सातशे दोन एकट्या एका लेखाचे!” साहेब वाचू लागले. “‘हृदयाच्या स्नायूतील जांभळे ठिपके: एक नवा आजार.’”

बाईंचा चेहरा राखेसारखा झाला. रागाच्या भरात या लेखाचा त्यांना पार विसर पडला होता! सव्विसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या उत्साहात लिहिलेला. तो आजारबिजार काही नव्हता. तपासायची हृदयाची पातळ चकती काचेवर रंगवण्याआधी बाईंनी रंग गाळून घेतला नव्हता. ते ठिपके म्हणजे त्या रंगाच्याच गाठी! तेव्हापासून जगभरचे लोक नवशिक्यांना बजावत आले होते: रंग गाळा, नाहीतर या बाईंसारखी फजिती होईल. लग्नात नाव बदललं, तेव्हा सगळ्या सोहळ्यात बाईंना मोठा आनंद झाला तो त्याचाच.

“तो वजा करा,” बाई कशाबशा म्हणाल्या. “चूक आहे ती! ते सातशे दोन जण मला शिव्या घालताहेत!”

“यंत्राला शिव्या-ओव्या सारख्याच. उल्लेख म्हणजे उल्लेख. वजा केला तर उरतात चारशे चव्वेचाळीस. करू?”

बाईंच्या डोळ्यांपुढे तळघरातलं पाणी आलं. त्या पाण्यात ते लिंबाएवढं हृदय. दात-ओठ खात त्यांनी पेन उचललं आणि त्या अख्ख्या आकड्याखाली सही केली. खोली वाचली. कान मात्र तापून लाल झाले होते.

“अभिनंदन!” साहेब म्हणाले. “पण पुढल्या वर्षी मर्यादा पंधराशे होतेय. तुमचा असाच आणखी एखादा गाजलेला लेख आहे का?”

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“एक आहे. अकरा वर्षं खपले मी त्याच्यावर. पण तो बरोबर आहे.”

“अरेरे!” साहेब मनापासून हळहळले.