मुळ्याची शेवटची चकती

शांत बसण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या देगू शहरात सापडायचा नाही! मुनगोक मंदिराच्या पायऱ्या चढता चढता मी हे बायकोला ठणकावून सांगितलं.

"अहो, मग पायऱ्या संपेपर्यंत तरी बसा ना शांत," ती म्हणाली.

तिचंही चुकत नव्हतं. मी गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस. माझ्या सहीशिवाय एक गादी दाराबाहेर पडत नाही. हजारो लोक माझ्या सहीच्या भरवशावर घोरतात, आणि मी मात्र सात महिने टक्क जागा! उपाय सगळे करून झाले. लाल बोरांचा काढा प्यायलो. गरम पाण्यात पाय बुडवून बसलो. श्वास मोजायला शिकलो, एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. पण मोजायला लागलो की प्रश्न सुरू! दहाच का? बारा का नाहीत? हे पहिल्यांदा कोणी मोजलं? त्याला तरी झोप लागली का? असा प्रश्न पडला की तो कोणाला तरी विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि त्या वेळी शेजारी बायकोच असते.

"अगं, झोपलीस का?"

या वाक्यानं सात महिन्यांत माझ्या बायकोच्या, ग्वीरानच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणली. शेवटी तिनं निकाल दिला. "मंदिरात दोन दिवस जाऊ. तिथे मन शांत करून देतात म्हणे. रविवारी परत आल्यावर झोपलात तर ठीक. नाही तर तुमची गादी बाल्कनीत, किमचीच्या लोणच्याच्या फ्रिजशेजारी!"

आमच्या बाल्कनीत डिसेंबरात ओला टॉवेल वाळत घातला की सकाळी त्याची फळी झालेली असते. तेव्हा शांत होणं मला भागच होतं.

मंदिरात गेल्या गेल्या सगळ्यांना ढगळ राखाडी कपडे मिळाले. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. माझ्या खोलीत योमकाका होते. उल्सानचे बसड्रायव्हर, आता निवृत्त, आणि मंदिरात येण्याची ही त्यांची नववी खेप.

"नऊ वेळा? म्हणजे गुण येत नाही की काय?" मी विचारलं.

"गुण येतो हो. पण मग मी घरी जातो ना!" ते म्हणाले.

संध्याकाळी मोठे भन्ते ह्येग्वांग यांनी सकाळच्या जेवणाची रीत शिकवली. मंदिरातलं जेवण म्हणजे ध्यानच. अवाक्षर बोलायचं नाही, शीत टाकायचं नाही. प्रत्येकाला चार लाकडी वाडगे दिले, एकात एक बसणारे. आणि इथेच माझा घात झाला! ते वाडगे एकमेकांत असे बसत होते की मध्ये केसही जाऊ नये. मी एक काढून पाहिला. कडेची जाडी सगळीकडे सारखी! दुसरा पाहिला. तोही तसाच! आमच्या कारखान्यात असं काम करणारा एक माणूस नाही. हे कोणी कोरले असतील? किती दिवस लागले असतील?

"लक्ष द्या हो, भन्ते महत्त्वाचं सांगताहेत," योमकाकांनी मला ढोसलं.

"देतोय, देतोय!" मी म्हणालो आणि तिसरा वाडगा उलटा केला.

रात्री दिवा मालवताना योमकाका म्हणाले, "एक ध्यानात ठेवा बरं का. शेवटी वाडगे धुतलेलं पाणी एका बादलीत गोळा करतात. ते भुकेल्या पिशाच्चांसाठी. त्यांचा गळा सुईच्या नेढ्याएवढा. पाण्यात मिरचीचा एक कण जरी राहिला, तरी बिचाऱ्यांच्या घशात अडकतो!"

एवढं बोलून ते घोरायला लागले. मी जागाच. त्या गळ्याचं माप घेतलं कोणी?

पहाटे चारला लाकडी ठोकळा वाजवून सगळ्यांना उठवलं. ज्याला झोप येत नाही त्याला चारला उठवण्यात काय औषध आहे, हे विचारायचं होतं, पण बोलायला बंदी. मग एकशे आठ दंडवत. त्यात माझे गुडघे माझ्यापेक्षा जास्त बोलत होते. त्यानंतर जेवण.

दोन रांगा समोरासमोर. इकडे आम्ही दहा पुरुष, तिकडे दहा बायका, आणि दोन्ही रांगांच्या माथ्याशी मधोमध मोठे भन्ते. भात आला, सूप आलं, भाज्या आल्या, मिरचीत माखलेली किमची आली. मी सगळं निगुतीनं संपवलं. वाडग्यात फक्त पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची एक चकती उरली. आजूबाजूला पाहिलं. प्रत्येकाच्या वाडग्यात एकेक चकती तशीच! मला नवल वाटलं. इतकी शिकलेली माणसं आणि अन्न टाकतात? माझ्या आईनं मला एक शीतही टाकू दिलं नव्हतं. मी चकती उचलली आणि तोंडात टाकली.

कर्रम!

त्या शांततेत तो आवाज छताला जाऊन आपटला. एकोणीस मुंड्या माझ्याकडे वळल्या. योमकाकांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सगळ्यांच्या वाडग्यांत गरम पाणी ओतलं गेलं, आणि लोकांनी जेवणाच्या काड्यांनी आपापली चकती उचलून वाडगे घासायला घेतले. आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला! ती चकती जेवण नव्हतीच. ती घासणी होती! घासून झाल्यावर ती पाण्यासकट पोटात, आणि मग पुन्हा विसळलेलं स्वच्छ पाणी तेवढं बादलीत! आणि माझ्या वाडग्याच्या तळाशी मिरचीचे पाच लाल कण चिकटून बसलेले. पाच कण म्हणजे पाच पिशाच्चं!

समोर ग्वीराननं सगळं पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे असा एक कटाक्ष टाकला की बाल्कनीतला गारठा मला तिथेच जाणवला. मग तिनं स्वतःची चकती धुतली, शेजारणीच्या हातावर ठेवली आणि हनुवटीनं माझ्याकडे खूण केली.

शेजारीण होती पहिल्यांदा आलेली. तिला खूण दिसली नाही, ग्वीरानचा गंभीर चेहरा मात्र दिसला. तिला वाटलं, हाही विधीच! तिनं चकतीला वाकून नमस्कार केला आणि ती पुढच्या बाईला दिली. तिनंही नमस्कार केला. असे आठ नमस्कार घेत मुळा थेट मोठ्या भन्तेंच्या पुढ्यात जाऊन पोहोचला!

एवढ्यावर थांबलं असतं तर! पण बाकीच्या बायकांनी विचार केला, एकीनं अर्पण केला, आपण मागे कशाला? धडाधड चकत्या निघाल्या. मग पुरुषांनाही हुरूप आला. योमकाका घाबरून दोन्ही हात हलवत "नको, नको" खुणा करायला लागले, तर समोरच्या तीन बायकांनी तसेच हात हलवायला सुरुवात केली. पाहता पाहता भन्तेंच्या समोर पिवळा ढीग झाला आणि हॉलमध्ये घासायला कोणाकडेच काही उरलं नाही.

भन्तेंनी ढिगाकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. आणि मौन मोडलं.

"हे काय आहे?"

ग्वीरान मान खाली घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते. तिच्याकडे पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. मी हात वर केला.

"भन्ते, माझी चकती मी खाल्ली. तिनं आपली मला पाठवली. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

योमकाका खो खो हसत सुटले! त्यांच्या मागून अख्खा हॉल. भन्तेंचे खांदेसुद्धा हलायला लागले. मीही हसलो, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सात महिन्यांत पहिल्यांदाच!

"आज पिशाच्चांना उपास," भन्ते म्हणाले. "आपापलं पाणी आपणच प्या. आणि माझ्याकडे आलेलं अन्न मी टाकू शकत नाही."

त्यांनी पहिली चकती उचलली. कर्रम. सावकाश चावली. दुसरी. कर्रम. घाई नाही, राग नाही. आम्ही सगळे गप्प बसून ऐकत होतो. तिसरी. चौथी. या म्हाताऱ्या माणसाचे दात इतके शाबूत कसे, असा एक प्रश्न माझ्या डोक्यात उगवला आणि उत्तर न मागताच विझला. सातवी चकती मला आठवते. आठवी आठवत नाही.

जाग आली तेव्हा दुपार झाली होती. मी हॉलमध्येच आडवा होतो, अंगावर पांघरूण. शेजारी ग्वीरान बसलेली. हसत होती आणि डोळे पुसत होती.

"पाच तास झोपलात!" ती म्हणाली. "तुमचं मिरचीचं पाणी मी प्यायले."

तिच्यासारखं माणूस मला दुसरं मिळालं नसतं, हे मी तिला तिथेच सांगितलं. "बरं बरं," ती म्हणाली.

रविवारी घरी आलो. झोप नाही! सोमवारी नाही. मंगळवारी ग्वीरान उठली, लोणच्याचा मुळा चिरून आणला आणि माझ्या उशाशी बसून कर्रम कर्रम खायला लागली. सातव्या चकतीला मी गार! मोबाईलवर तो आवाज साठवूनही पाहिला, पण मी तपासनीस माणूस, मला अस्सलच लागतो.

बुधवारी तोच उपाय, गुरुवारी तोच. शुक्रवारी सकाळी जागा झालो तर ती पोट धरून पलंगावर बसलेली.

"मुळ्यानं घशाशी जळजळतंय," ती म्हणाली. "आणि झोपलात की तुम्ही असे घोरता, की वरच्या मजल्यावरून निरोप आलाय! उचला गादी!"

तर न झोपल्याबद्दल जी शिक्षा व्हायची होती, ती मला झोपल्याबद्दल झाली. हे मी बाल्कनीतून लिहितो आहे. फ्रिज हाताशी आहे, त्यात मुळाही आहे. काल स्वतः खाऊन पाहिला. अख्खा संपवला, डोळा लागला नाही. तो दुसऱ्यानंच खावा लागतो. मुळा असा आपल्या मनानं खायचा नाही, हे भन्तेंनी मंदिरातल्या पहिल्या संध्याकाळी बजावून सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा माझं लक्ष वाडग्यांत होतं.